तळं कुणाच्या नावावर आहे ते आधी शोधा, पाणथळ बिणथळ नंतर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. सिन्नर तालुक्यात तुमच्या गावाला लागून ७२ च्या दुष्काळातला पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायला बांधलेला, आहे, दोन महिन्यांपासून पाण्याच्या शेपटाकडं, म्हणजे बांधापासून लांबच्या उथळ टोकाला, हायवा डंपर येऊन मुरूम टाकतायत, आणि आता तिथं प्लॉट विक्रीचा बोर्डही लागलाय. ग्रामपंचायत म्हणते तलाव आमच्याकडं नाही, तलाठी म्हणतो सातबारा खाजगी आहे, तहसीलमध्ये सांगतात पाटबंधारेवाल्यांना विचारा. तुम्ही 'पाणथळ जागा वाचवा' म्हणून मुंबईला ईमेल केला त्याला उत्तर नाही. आणि अलिबागचे तुमचे साडू म्हणतात आमच्याकडं सीआरझेडमुळं किनाऱ्याला वीट लावता येत नाही, तर तसं काही नाशकात आहे का.

मी ३१ वर्षं लघुपाटबंधारेत काढली, शाखा अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून बाहेर पडलो, त्यामुळं असल्या तलावांची अंडीपिल्ली थोडीफार माहितीयेत. आता रिटायर्ड आहे म्हणून मोकळं बोलतो.

आधी साडूंचं. सीआरझेड म्हणजे समुद्र आणि खाडीकाठचा कायदा, १९९१ साली पहिली अधिसूचना आली, मग २०११, मग २०१९. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत त्याचा हात पोचतो. त्याला स्वतंत्र नकाशे आहेत, राज्याचं स्वतंत्र प्राधिकरण आहे. तिकडं वीट लागत नाही असं काही नाही हो, लागतात आणि चांगले बंगले उभे राहतात, पण निदान भांडायला रेषा आखलेली आहे एवढं खरं. नाशकात समुद्र नाही म्हणून सीआरझेड नाही, विषय संपला. नद्यांसाठी आपल्याकडं नदी नियंत्रण क्षेत्र धोरण म्हणून एक होतं, कारखाने नदीपासून किती लांब हवेत असं त्यात होतं, ते २०१५ ला रद्द झालं. आता नदीकाठाला आपल्याकडं काय उरलं तर पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. निळ्याच्या आत बांधकाम नाही, निळ्या-लालच्या मधे अटींवर. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीचं पाणी शहरात घुसलं त्यानंतर नाशकात या रेषांवरून किती आरडाओरडा झाला ते जुन्या लोकांना आठवत असेल. पण ती नदीची गोष्ट, तुमच्या तलावाला पूररेषा कुणी आखलेली नसते. तिथं दुसरी रेषा असते, तिच्याकडं मी येतोच.

आता पाणथळ. हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय आणि मला वाटतं त्यानंच तुमच्यासारख्यांची दिशाभूल होते. केंद्राचे पाणथळ जागांचे नियम आहेत २०१७ चे, त्याआधी २०१० चे होते. त्यात भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं, सांडपाणी सोडणं, पुराच्या सरासरी उच्च पातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम, सगळ्याला मनाई आहे. वाचायला एकदम झकास. पण व्याख्येत येऊन बघा, नदीचं पात्र वगळलंय, भातशेती वगळलीय, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठेही वगळलेत. म्हणजे देशावरचे बहुतेक तलाव बाहेर. इथं नैसर्गिक तळी किती हो, बोटावर मोजण्याएवढी, बाकी सगळं कुणीतरी माती टाकून अडवलेलं पाणी. शिवाय हे नियम रामसर स्थळांना (रामसर म्हणजे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार) आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या जागांना लागतात, अधिसूचना निघेपर्यंतची वाट म्हणजे एक संक्षिप्त दस्तऐवज, त्याची छाननी, राज्य प्राधिकरणाची शिफारस, हरकती, मग गॅझेट. तोपर्यंत तुमच्या तलावावर दुमजली रो-हाउस.

याच्यात एक गंमत आहे आणि ती नाशिककरांना तरी माहीत पाहिजे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ कुठलं, तर आपलं निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर, २०१९ च्या तारखेनं दर्जा मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. लोणारसुद्धा नंतर लागलं. आणि नांदूरमधमेश्वर म्हणजे आहे काय, तर गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला बंधारा, निव्वळ कालव्यात पाणी टाकायला. पुढं शंभर वर्षं दोन नद्यांनी गाळ आणून टाकला, पाणी पसरट झालं, मधे बेटं तयार झाली, रामबाण आणि लव्हाळं माजलं आणि पक्षी आले. आज थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलात तर चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी असं सगळं एका दुर्बिणीत मावतं. आम्ही इंजिनिअर लोक ज्याला साठवणक्षमता घटली म्हणून रडतो, त्याच गाळावर हे अभयारण्य उभं आहे. म्हणजे ज्या व्याख्येनं सिंचनाचा साठा पाणथळ नाही म्हणून वगळायचा, त्याच राज्याचं पहिलं आंतरराष्ट्रीय पाणथळ स्थळ सिंचनाचा बंधारा. कुणी टेबलावर म्हटलं ना की मानवनिर्मित आहे म्हणून पाणथळ नाही, तर हे उदाहरण तोंडावर द्या, साहेब निदान खुर्चीत सावरून बसतात.

पण खरं सांगायचं तर नांदूरमधमेश्वर टिकलं ते पाणथळ नियमांमुळं नाही, ते १९८६ पासून अभयारण्य आहे, वन्यजीव कायदा पाठीशी आहे म्हणून. आणि तिथंसुद्धा ओढाताण बघा. पाणी जलसंपदाचं, कालव्याचं आवर्तन सुटलं की पातळी उतरते, पक्ष्यांना विचारून कुणी सोडत नाही. पक्षी वन्यजीव विभागाचे. पाणी उतरलं की उघडी पडते ती गाळपेर, तिच्यावर काठच्या शेतकऱ्यांचा डोळा, आणि त्यांचंही चूक नाही, त्यांच्याच बापजाद्यांच्या जमिनी गेल्यात. वरून नाशिक शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली पाणवेल वाहत येते आणि बंधाऱ्यात अडकते, ती काढायची कुणी. शहराचं सांडपाणी महापालिकेचं, त्यावर लक्ष प्रदूषण मंडळाचं, आणि पाणवेलीखाली मेलेलं पाणी निफाडचं. एवढं नावाजलेलं ठिकाण, तरी चार खाती चार दिशांना. तुमच्या पाझर तलावाला तर नावही नाही धड, 'पाझर तलाव क्रमांक २' असं काहीतरी असेल.

म्हणून म्हणतो, आधी तळं कागदावर कुणाचं आहे ते शोधा. तक्रार योग्य टेबलावर गेली तरच तिला पाय फुटतात, नाहीतर ती नुसती 'योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित' होत फिरत राहते, हे मी स्वतः शेकड्यानं केलंय, कबूल करतो.

ढोबळ हिशेब असा. सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडं, पूर्वी लघुपाटबंधारे विभाग म्हणायचे आता जलसंधारण. त्याच्या वरचे, ६०० हेक्टरपर्यंत, राज्याच्या मृद व जलसंधारण खात्याकडं. त्याहून मोठे जलसंपदाकडं. गावतळं असेल, म्हणजे जुनं, बिन धरणाचं, गावठाणाजवळचं, तर ते ग्रामपंचायतीकडं आणि जमीन बहुधा सरकारी. मासेमारीचा ठेका कुणी दिला हेही बघा, ज्यानं ठेका दिला तो मालकी नाकारू शकत नाही, हा पुरावा लोक विसरतात. ग्रामपंचायत म्हणतेय ना तलाव आमचा नाही, मग दरवर्षी मासळीचा लिलाव कोण करतं ते विचारा जरा.

आता तलाठ्याचं 'सातबारा खाजगी आहे' हे वाक्य. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, २०२४ ला पाटी बदलली, माणूस तोच.) हे वाक्य खोटं नसतं आणि पूर्ण खरंही नसतं. ७२ साली काय झालं, लोकांना खायला नव्हतं, हजारोंना काम द्यायचं होतं. तहसीलदार, सेक्शनल इंजिनिअर आणि सरपंच नाल्यावर उभे राहिले, इथं बांध घालू म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मस्टर सुरू. भूसंपादन मागाहून. काही ठिकाणी संयुक्त मोजणी झाली, निवाडा झाला (कुणाची किती जमीन, किती मोबदला हे ठरवणारा आदेश), पैसे वाटले, ताबा घेतला, पण पुढचं शेवटचं काम राहिलं, म्हणजे निवाड्याची प्रत भूमी अभिलेखकडं जाऊन कमी-जास्त पत्रक, ज्याला आम्ही कजाप म्हणतो, ते झालंच नाही आणि तलाठ्याकडं फेरफार पडला नाही. झालं, सातबारा आजोबांच्याच नावानं चालू. आजोबा गेले, वारस लागले, वारसांना कुणी सांगितलं नाही की या जमिनीचे पैसे घेतलेत, किंवा माहीत होतं आणि गप्प राहिले. पन्नास वर्षांनी बाजूनं समृद्धी महामार्ग झाला, भाव वाढला, आणि पाण्याखालची जमीन साठेखतावर, म्हणजे पुढं विकण्याच्या नुसत्या करारावर, विकली गेली. तुमच्याकडं हेच झालं असणार असं मी पैजेवर सांगतो, असल्या केसेस मी किती बघितल्या त्याला गणती नाही.

कायद्यानं बघाल तर १८९४ च्या भूसंपादन कायद्यात निवाडा होऊन ताबा घेतला की जमीन सगळ्या बोज्यांतून मोकळी होऊन सरकारची होते. सातबाऱ्यावर नाव कुणाचं राहिलं यानं मालकी परत येत नाही, फेरफार हा काही मालकीचा दस्त नाही. त्यामुळं तो निवाडा सापडला की निम्मी लढाई खिशात.

एकदा मी स्वतः शोधलाय तो सांगतो, गावाचं नाव घेत नाही. तेव्हा मी नोकरीतच होतो. तलाव पावसाळ्यात भरायचा तसा भरेना, शेतकरी म्हणाले साहेब पाणी मागं येतच नाही. मी सांडव्यावर, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथं, गेलो आणि बघतो तर सांडव्याची भिंत मधोमध दोन फूट कापलेली, अगदी व्यवस्थित, छिन्नीनं. वर दगड रचून ठेवलेले की लांबून दिसू नये. आता दोन फूट म्हणजे काय हो असं वाटेल, पण शेपटाकडं जमीन सपाट असते, पन्नासाला एक असा उतार धरला तर दोन फूट पातळी उतरली की पाणी शंभर फूट मागं सरतं. शंभर फुटाचा पट्टा तलावाच्या अख्ख्या शेपटाभोवती, बघा किती गुंठे कोरडे झाले. तिथं द्राक्षाची बाग लावली होती एकानं.

सांडव्याचा माथा म्हणजे पूर्ण संचय पातळी, आधी जिच्याबद्दल बोललो ती तलावाची रेषा हीच. त्या पातळीला पाणी जिथवर टेकतं ते बुडीत क्षेत्र. आमच्याकडं ऑफिसचं लेव्हल यंत्र होतं पण त्या दिवशी ते दुसऱ्या साइटवर. मग गावातल्या गवंड्याला बोलावला, त्याची ती पारदर्शक नळी असते ना पाणी भरलेली, पाणलेव्हल, ती घेऊन सांडव्याच्या न कापलेल्या कडेपासून आम्ही दोघं आणि एक भिल्ल म्हातारा मासेवाला असे निघालो. नळी पंधरा-वीस मीटरची, एक टोक मागं धरायचं, दुसरं पुढं न्यायचं, पाणी स्थिर झालं की खुंटी ठोकायची, खुंटीवर चुन्याची फक्की. नळीत बुडबुडा राहिला की सगळं चुकतं, म्हणून दर वेळी बोटानं टिचक्या मारायच्या. सकाळी सातला सुरू केलं ते दुपारी तीनला शेपटाला पोचलो. म्हातारा मात्र पुढं पुढं चालत होता आणि आम्ही खुंटी ठोकायच्या आधीच काठी टेकून सांगत होता, साहेब इथं. बाभळीच्या बुंध्यावर जुन्या पाण्याची पांढरट रेघ होती ती त्याला पाठ होती. शेवटी आमची फक्की आणि त्याची काठी यात कुठं फूटभराचा फरक पडला असेल. द्राक्षाच्या नऊ ओळी फक्कीच्या आत निघाल्या.

मग कागद. विभागात फाइल नव्हती, म्हणजे होती पण अर्धी. विशेष भूसंपादन अधिकाऱ्याकडं रजिस्टरला नोंद सापडली, निवाडा १९७५ चा. रेकॉर्ड रूममध्ये तिथल्या कारकुनानं तिसऱ्या दिवशी रुमाल सोडला, म्हणजे ते लाल फडक्यात बांधलेलं दप्तर, आणि आत निवाड्याची प्रत, सोबत ताबा पावती, त्यावर त्या बागवाल्याला जमीन विकणाऱ्याच्या वडिलांचा अंगठा. आकडा आठवत नाही पण पैसे उचललेले होते. ते कागद तहसीलला लावल्यावर फेरफार धरला गेला, हरकत आली, प्रांताकडं अपील झालं, दीड वर्ष गेलं, नाव लागलं. सांडवा आम्ही आधीच दुरुस्त केला होता. पहिल्या पावसाळ्यात बाग पाण्यात गेली आणि त्या माणसानं ऑफिसात येऊन मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यालाही कुणीतरी साठेखतावरच जमीन गळ्यात मारली होती. विकणारा मोकळा.

म्हणजे तुम्ही काय करायचं. आजच्या आज सांडव्यावर जा. कापलाय का, खालून पाइप घातलाय का, फोटो काढा, लोकेशन आणि तारीख येणाऱ्या कॅमेऱ्यानं. सांडवा फोडला असेल तर ती सरळ पोलीस केस आहे, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, १९८४ चा कायदा, पाणीपुरवठ्याच्या कामाला त्यात जास्त कडक शिक्षा आहे. आणि फिर्याद तुम्ही देऊ नका, ज्या विभागाचा तलाव त्याच्या उपअभियंत्याला लेखी कळवून त्याला द्यायला लावा, तुमच्या अर्जावर पोचेचा शिक्का असला की तो टाळू शकत नाही, पुढं चौकशी झाली तर मान त्याची अडकते.

मग आरटीआय. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, लोक चार पानी निबंध लिहितात आणि तिथंच अर्ज बाद. मागायचं ते एवढंच: अमुक गावच्या पाझर तलावाची पूर्ण संचय पातळी, बुडीत क्षेत्राचे गट नंबर, भूसंपादन निवाड्याचा क्रमांक आणि दिनांक, ताबा पावती, कजापची प्रत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. हाच अर्ज जिल्हा परिषदेला, भूसंपादन शाखेला आणि भूमी अभिलेखला असा वेगवेगळा टाका, तिघांपैकी एकाकडं निघतं. आणि प्रतीपेक्षा अभिलेख पाहणी मागा, स्वतः जाऊन फाइल चाळा, कारण 'आढळून येत नाही' हे कागदावर लिहायला सोपं असतं, समोर माणूस बसलेला असला की कपाट उघडावं लागतं. दरम्यान घरबसल्या ई-सर्चवर त्या गटाची खरेदीखतं बघा, इंडेक्स टू निघतो, कोणी कोणाला कधी विकलं कळतं. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं असतात, सरकवत मागं जा, ज्या वर्षी पाऊस चांगला झाला त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचं काढा, त्यात प्लॉटवर पाणी दिसलं तर प्रिंट मारून प्रत्येक अर्जाला जोडा. शंभर शब्दांपेक्षा ते चित्र तहसीलदाराला पटकन कळतं.

पण कागद यायला महिना-दीड महिना, अपिलात गेलात तर जास्त. तोवर मुरूम थांबवायचाय. इथं माझा जुना अनुभव, तलावाबद्दल बोलूच नका, मुरमाबद्दल बोला. तो मुरूम आला कुठून? कोणत्या गटातून काढला, रॉयल्टी भरली का, वाहतूक पास आहे का? महसूल संहितेच्या ४८ (७) खाली विनापरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, गाडीही जप्त होते. पाणथळ जागेचा भराव म्हटलं की तहसीलदार म्हणणार माझ्याकडं अधिकार नाही, मुरूम म्हटलं की अधिकार त्यांचाच, आणि महसुली वसुलीचं टार्गेटही त्यांनाच असतं. हायवाचे नंबर, वेळ, दोन रात्रींचे फोटो असा अर्ज द्या. गाड्या दुसऱ्या दिवशी बंद होतात असं बघितलंय मी, पुन्हा पंधरा दिवसांनी सुरू होतात हेही बघितलंय, पण पावसाळ्यापर्यंत पंधरा-पंधरा दिवस मिळवत गेलात तरी खूप झालं. एक लक्षात ठेवा, रात्री एकटे फोटो काढायला जाऊ नका, या धंद्यातली माणसं साधी नसतात.

दुसरं म्हणजे त्या बोर्डवाल्याला रेखांकन (प्लॉटच्या लेआउटची) मंजुरी कुणी दिली. तुमचं गाव नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतं का बघा, येत असेल तर तिथं, नसेल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात विचारा. बहुतेक वेळा मंजुरी नसतेच, नुसते गुंठे पाडलेले असतात. मंजुरी असेल तर मग नकाशात तलाव दाखवलाय का हे बघायचं, आणि तिथं पाणी दाखवलं नसेल तर मंजुरी रद्द करा असा अर्ज.

तिसरं, खाली ओढ्याकाठी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना सोबत घ्या. भरावानं ओढ्याची नैसर्गिक वाट अडत असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तहसीलदारापुढं दावा चालतो, खर्च नगण्य, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो. तुमचे दोन महिने गेलेत. हा जुना कायदा आहे, शेतरस्त्यांसाठी सगळे वापरतात, पाण्यासाठी फार थोडे.

ग्रामसभेचं मी शेवटी सांगतोय पण ते कमी महत्त्वाचं म्हणून नाही. तुमच्या अर्जावर हद्दकायम मोजणी होत नाही, कारण तुम्ही धारक नाही. विभागानं किंवा ग्रामपंचायतीनं मोजणी मागावी लागते, त्यासाठी ठराव हवा. ठरावात पर्यावरण, जैवविविधता, भावी पिढ्या असलं काही लिहू नका, एवढंच लिहा की अमुक तलावाची बुडीत क्षेत्रासह शासकीय हद्दकायम मोजणी करून घ्यावी आणि अतिक्रमण असल्यास नमुना १-ई ला नोंद घ्यावी (ती अतिक्रमणांची नोंदवही). सरपंच टाळत असतील तर जरा चौकशी करा की त्या प्लॉटवाल्यांत घरातलं कोणी आहे का. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ (१) (ज-३), सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यपद जातं, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कुटुंबाच्या अतिक्रमणालाही ते लावलंय. धमकी म्हणून वापरू नका, गावात राहायचंय तुम्हाला. नुसतं कलम माहितीये एवढं त्यांच्या कानावर गेलं तरी मीटिंगला कोरम होतो.

आता एक अवघड शक्यता, ती लपवत नाही. निवाडा निघालाच नाही तर? काही तलावांत खरोखर संपादनच झालेलं नाही, संमतीपत्रावर जमिनी घेतल्या, मोबदला देऊ म्हणाले आणि विसरले. तसं असेल तर तो शेतकरी अतिक्रमण करणारा नाही, उलट पन्नास वर्षं सरकारनं त्याची जमीन फुकट बुडवलीय. तेव्हा त्याच्या नावानं बोंब मारू नका, त्याला भेटा, त्याचा मोबदल्याचा अर्ज आणि तुमचा तलाव वाचवायचा अर्ज एकत्र जाऊ द्या. एका गावात असं झालेलं मला माहितीये, शेतकऱ्यानं बिल्डरचा इसार परत केला. सगळीकडं होईल असं नाही म्हणत मी.

आणि पाणथळवालं अगदीच टाकून द्या असंही नाही. तलाव सव्वादोन हेक्टरच्या वर असेल तर उपग्रहावरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशात तो असू शकतो, त्यात देशभरातल्या २,०१,५०३ जागा होत्या आणि त्यांना नियमांच्या तत्त्वानं संरक्षण द्या असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा आदेश आहे, २०२४ च्या डिसेंबरात तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन हद्दी ठरवा असंही राज्यांना सांगितलंय. त्या आधारावर जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज करता येतो. हरित लवादही आहे, पुण्यात खंडपीठ, भरपाई मागायची नसेल तर हजार रुपये फी, वकील सक्तीचा नाही, पण तिथंही सहा महिन्यांची मुदत आहे, पहिल्यांदा मुरूम पडला तेव्हापासून मोजतात. विभाग येऊन म्हणणार हा सिंचनाचा साठा, नियम लागू नाही. तुम्ही म्हणायचं पाझर तलावाला कालवा नाही, विमोचक (पाणी सोडायचं दार) नाही, थेट सिंचन नाही, पाणी जमिनीत मुरवायला आहे. चालेल का हा मुद्दा, चांगल्या वकिलाच्या तोंडून चालू शकतो. पण निवाड्याची प्रत हातात नसताना तिकडं जाऊ नका, पहिल्या तारखेलाच समोरचा सातबारा काढून दाखवतो आणि तुमची हवा जाते.

तुमच्या तलावाचं नाव, गट नंबर आणि सांडव्याचा फोटो पाठवा मला. दोन फोटो हवेत, एक समोरून आणि एक बाजूनं, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. तळ उघडा आहे तोवरच काढा, जूनमध्ये पाणी आलं की कापलेलं दिसत नाही.